‘यात लाल कोण?’ : टिळकवाडीतला रविवारचा शब्दवर्ग

बेळगावात टिळकवाडीत, पहिल्या रेल्वे गेटापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एका घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी वैद्यकीय शब्दांचा वर्ग भरतो. बाहेर बोर्ड नाही, जाहिरात नाही, आणि ‘माझं नाव नको’ असं सरांनी सांगितल्यामुळे मीही ते देत नाही. सर पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहेत. मी निपाणीची. डी. फार्म. करून मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. शाळा मराठी माध्यमाची, पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून. औषधांची नावं तोंडपाठ झाली, पण नावाच्या पोटात काय आहे ते कुणी उघडून दाखवलं नव्हतं. या वर्गाने ते दाखवलं, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहिते.

वर्गाची रीत साधी आहे. एका रविवारी एकच ग्रीक किंवा लॅटिन मूळ घ्यायचं आणि त्यातून फुटलेले शब्द दोन तास चघळायचे. फी सत्रामागे दीडशे रुपये. येणाऱ्यांत नर्सिंगच्या मुली, डी.एम.एल.टी.ची, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करणारी मुलं, माझ्यासारखे मेडिकलवाले, आणि एक निवृत्त शिक्षिका, ज्या केवळ आपले रिपोर्ट आपल्याला वाचता यावेत म्हणून येतात. निम्मी मुलं गोकाक, बैलहोंगलकडची कन्नड बोलणारी. सर मराठीत सुरू करतात, मध्येच कन्नडमध्ये वळतात, परत मराठीत येतात. कुणाला अडत नाही. आमच्या भागात कुठल्या पाटीवर कुठली लिपी वर यावरून जेवढा वेळ गेला, त्यातला थोडा जरी अशा माडीवर गेला असता तर किती बरं झालं असतं, असं मला तिथे बसल्यावर दर वेळी वाटतं.

मी लिहिणार आहे ती ‘एरिथ्रॉस’च्या रविवारबद्दल. ग्रीकमध्ये एरिथ्रॉस म्हणजे लाल. सरांनी फळ्यावर शेजारी शेजारी तीन शब्द लिहिले, लाल, तांबडा, आणि कन्नडमधला केंपु, आणि त्याखाली त्यांचा प्रश्न : ‘यात लाल कोण?’ पुढचे दोन तास प्रत्येक शब्दाला हाच एक प्रश्न विचारायचा होता. नावात लाल आहे, ठीक. पण लाल आहे ती वस्तू कुठली? ती पेशी, की कातडी, की जंतू, की ज्यापासून पदार्थ काढला ते झाड? मला वाटतं या वर्गाचं सगळं सोनं या प्रश्नात आहे. मुळांची यादी कुठल्याही गाइडात मिळते. ‘एरिथ्रो म्हणजे लाल’ एवढं पाठ करून माणूस काउंटरवर उभा राहिला, तर पहिल्याच पांढऱ्या गोळीपाशी त्याची गाडी अडणार.

सुरुवात सोप्या शब्दाने झाली. एरिथ्रोसाइट, तांबडी रक्तपेशी. इथे लाल ती पेशीच, तिच्यातल्या हिमोग्लोबिनमुळे. सात-आठ मायक्रोमीटर रुंदीची, दोन्ही बाजूंनी खोलगट, आत केंद्रक नाही, आयुष्य साधारण १२० दिवस. तिची केंद्रक असलेली कोवळी अवस्था ती एरिथ्रोब्लास्ट, अस्थिमज्जेत राहणारी. मग सर ‘एरिथ्रोब्लास्टोसिस फीटॅलिस’वर आले. आई आरएच निगेटिव्ह, बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल आणि आईच्या रक्तात बाळाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतील, तर ती गर्भातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडत जातात. बाळाची मज्जा घाईघाईने कोवळ्या पेशीच रक्तात सोडायला लागते. रोगाचं नाव या कोवळ्या पेशींवरून पडलंय. आमच्या फ्रिजमध्ये अँटी-डीचं इंजेक्शन असतं, आईच्या रक्तात ही प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत द्यायचं, हे मला माहीत होतंच. पण ते कशाला थोपवतं याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं ते त्या दिवशी. आता रात्री दुकान बंद करताना कुणी नातेवाईक ती चिठ्ठी घेऊन धावत आला, तर त्याला उद्या या म्हणणं मला शक्य नाही.

त्यानंतर ईएसआर. निपाणीत, चिकोडीत, खानापुरात, कुठल्याही रिपोर्टवर ही तीन अक्षरं असतात आणि पेशंट म्हणतो, ‘ईएसआर वाढलाय म्हणे, रक्त खराब झालंय का?’ पूर्ण नाव एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे एरिथ्रोसाइट. सरांनी त्यांची जुनी वेस्टरग्रेन नळी दाखवली, काचेची, ० ते २०० मिलिमीटरच्या खुणांची. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळायचं, नळी अगदी सरळ उभी ठेवायची, एक तास थांबायचं, आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. अंगात कुठे दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर चिकटतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. म्हणजे ईएसआर ‘काहीतरी पेटलंय’ एवढं सांगतो. कुठे आणि कशामुळे, ते सांगत नाही. पोलंडचे डॉक्टर बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये ही तपासणी मांडली आणि स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये तिला आजची पद्धत दिली. आयुष्यभर या नळ्या लावलेला माणूस हे सांगत होता, त्यामुळे बारकावेही आले. नळी जरा जरी कलली तरी आकडा वाढतो. हलणाऱ्या टेबलावर ठेवायची नाही. उन्हात ठेवायची नाही. हे ऐकताना डी.एम.एल.टी.ची पोरं वहीत भराभर लिहून घेत होती.

इथपर्यंत लाल कोण हे सरळ दिसत होतं. पुढे गंमत वाढली.

एरिथ्रोपोएटिन. किडनीच्या पेशंटांना लागणारं हे इंजेक्शन आम्ही २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवतो. औषध पाण्यासारखं स्वच्छ. मग यात लाल कोण? ‘पोएटिन’ हा भाग ‘घडवणे’ अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आलाय. इंग्रजीतला ‘पोएट’, म्हणजे कवी, तोही त्याच घराण्यातला. तेव्हा तांबड्या पेशी घडवायला लावणारं ते एरिथ्रोपोएटिन, आणि लाल आहे ती घडणारी पेशी. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडाला कळतं, ते हे संप्रेरक सोडतं, आणि मज्जा कामाला लागते. मूत्रपिंड निकामी झालं की हा निरोपच जात नाही, म्हणून डायलिसिसवरची माणसं फिकी पडतात. शिकागोच्या यूजीन गोल्डवासर यांनी हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवलं ती कथा सरांनी अगदी रंगून सांगितली. जपानमधल्या अप्लास्टिक ॲनिमियाच्या (मज्जेत रक्तपेशी पुरेशा बनत नाहीत अशा आजाराच्या) रुग्णांची २५५० लिटर लघवी गोळा करून, आटवून, त्यातून काही मिलिग्रॅम द्रव्य हाती लागलं. साल १९७७. पुढे जनुक सापडलं, ते कारखान्यात बनायला लागलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिसला माणसाला घेऊन बेळगाव गाठणारी घरं आमच्या भागात आहेत. ‘ताई, हे रक्ताचं इंजेक्शन काय?’ असं ती विचारतात. आता मी सांगते, ‘हे रक्त नव्हे मामा, रक्त तयार कर म्हणून हाडाला दिलेला निरोप आहे.’ मामांना ते लगेच समजतं, आणि लोहाच्या गोळ्या का बंद करायच्या नाहीत हेही त्याच ओघात सांगता येतं. निरोप पोचला तरी घडवायला माल नको का?

एरिथ्रोमायसिन हे द्रव्य लाल नाही, त्याचं काम रक्ताशी नाही. मग? फिलिपिन्समधल्या इलोइलो भागातली माती तिथले डॉक्टर आबेलार्दो आगिलार यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीकडे पाठवली. त्या मातीतल्या जिवाणूपासून हे प्रतिजैविक मिळालं आणि १९५२ मध्ये बाजारात आलं. तो जिवाणू लालसर रंगद्रव्य तयार करणारा, म्हणून त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस एरिथ्रिअस (आता शास्त्रज्ञ त्याला सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया म्हणतात). तेव्हा लाल कोण, तर मातीतला जिवाणू. आज खोकला-तापाला जे ॲझिथ्रोमायसिन लोक चॉकलेटागत मागून नेतात, ते याच रेणूत फेरफार करून बनवलेलं आहे. वर्गातली एक मुलगी पटकन म्हणाली, ‘सर, म्हणजे तो लाल जंतू आमच्या घरात रोज येतो की!’ सर खूश झाले.

एरिथ्रिटॉलचंही तसंच. साखरेऐवजी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर हल्ली हे नाव दिसतं. पांढरे स्फटिक, साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्के गोडी, कॅलरी जवळजवळ नाहीत. जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये त्याचा शोध लावला तो लायकेनवर काम करताना. ज्या लायकेनपासून लाल-जांभळा रंग काढत, त्यातल्या ‘एरिथ्रिन’ या द्रव्यावरून हे नाव खाली उतरलं. आपल्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच, फक्त जात वेगळी. आज एरिथ्रिटॉल यीस्टकडून ग्लुकोज आंबवून बनवतात, लायकेनशी त्याचा संबंध नावापुरता उरलाय. आणि एरिथ्रोसिन मात्र खरोखर लाल, केकवरच्या चेरीचा लाल. पाकिटावर १२७ हा आकडा असेल तर तोच. दातांवरचा थर दिसावा म्हणून दंतवैद्य ज्या गोळ्या चघळायला देतात, त्यांतल्या काहींत हाच रंग असतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली.

पांगाऱ्याबद्दल दोन वाक्यं लिहिलीच पाहिजेत. पांगाऱ्याचं शास्त्रीय नाव एरिथ्रिना. फेब्रुवारी-मार्चला खानापूर, जांबोटीच्या वाटेवर पानं झडलेल्या फांद्यांवर जो लालभडक फुलोरा दिसतो, तो. सरांनी वाळलेली फुलं आणली होती, ती सगळ्यांच्या हातांतून फिरली.

आता ज्या भागासाठी मी हा अभिप्राय खरं तर लिहायला घेतला, तो कातडीचा आणि तोंडाचा.

एरिथेमा म्हणजे कातडीवर आलेली लाली. केशवाहिन्या रुंदावल्या, तिथे रक्त वाढलं, कातडी लाल दिसली, बोटाने दाबली की फिकी पडते आणि सोडली की परत लाल होते. हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही, आणि सरांनी हे वारंवार बजावलं. नवजात बाळाच्या फाइलवर ‘एरिथेमा टॉक्सिकम’ लिहिलेलं पाहून एक बाप माझ्याकडे रडकुंडीला आला होता. ‘टॉक्सिक म्हणजे विष ना ताई? बाळाला विषबाधा झाली काय?’ पुष्कळ बाळांना जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत अशी लाल पुरळ येते आणि औषधाशिवाय जाते. डॉक्टरांनी त्याला तसं सांगितलंही होतं, पण कागदावरचा शब्द मोठा वाटला. याउलट एरिथ्रॅस्मा. हे नाव ऐकायला मऊ, काखेत, जांघेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात येणारा तपकिरी-लालसर डाग. लोक गजकर्ण समजतात आणि स्टेरॉइड मिसळलेलं मलम मागतात. खरं तर तो बुरशीचा नव्हे, जिवाणूचा संसर्ग. अंधारात वूड्स लॅम्पचा, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याचा, किरण टाकला की डाग पोवळ्यासारखा लाल चमकतो, आणि त्यावर चालणाऱ्या औषधांपैकी एक म्हणजे एरिथ्रोमायसिन. रोगाच्या नावातला लाल कातडीचा, औषधाच्या नावातला लाल जिवाणूचा, आणि दोघांची गाठ काखेत पडते. मला हे फार सुंदर वाटलं. काउंटरवरून कातडीचं निदान करायचं नाही, ते माझं काम नव्हे. पण ‘गजकर्णाचं मलम द्या’ म्हणणाऱ्याला आता मी आधी कातडीच्या डॉक्टरकडे धाडते, आणि का धाडते ते सांगू शकते.

आणि एरिथ्रोप्लाकिया.

आमची निपाणी तंबाखूची. शेतात तंबाखू, वखारीत तंबाखू, विडीच्या सुपात तंबाखू. पुरुषांच्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी, आणि बायका सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. ‘तोंड आलंय, जेल द्या’ ही मागणी माझ्या काउंटरवर रोज येते. बहुतेकांचं ते साधं तोंड येणंच असतं, आठ-दहा दिवसांत बरं होणारं. पण तोंडातले दोन चट्टे वेगळे. पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया, त्याबद्दल लोकांनी थोडंफार ऐकलेलं असतं. लाल, मखमली, न दुखणारा चट्टा म्हणजे एरिथ्रोप्लाकिया. तो क्वचित दिसतो, पण दोघांत जास्त धोक्याचा तोच. पांढऱ्या चट्ट्यांतले बरेच वर्षानुवर्षं तसेच राहतात. लाल चट्ट्याचा तुकडा तपासला तर बहुतेक वेळा कर्करोग किंवा कर्करोगाच्या उंबरठ्यावरचे बदल सापडतात. आणि तो दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. सर इथे आवाज चढवून बोलले : ‘इथं लाल कोण? म्युकोसा, तोंडाचं आतलं अस्तर. का लाल? अस्तर पातळ झालंय, खालच्या रक्तवाहिन्या दिसायला लागल्यात. सांगा बगू, यावर जेल लावून काय होणार?’

वर्गात कुणी बोललं नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी आज्जी मिश्री लावते.

त्यानंतर काउंटरवर माझा एक नेम झालाय. जेल मागणाऱ्याला विचारते, चट्टा किती दिवसांचा, दुखतो का, लाल का पांढरा. दोन आठवड्यांहून जुना आणि न दुखणारा लाल चट्टा असं उत्तर आलं तर जेल देत नाही, सरळ दंतवैद्याकडे पाठवते. गिऱ्हाईक नाराज होतं कधी कधी. ‘मावशी, आधी दाखवून या, मग जेल फुकट देते’ म्हणते. जाणाऱ्या जातात. विडी वळणाऱ्या बायका आपसांत बोलतात, एकीने दाखवलं की दुसरी स्वतःहून तोंड उघडून विचारायला येते.

आता वर्गाच्या उणिवा. जागा कमी आहे, उशिरा येणाऱ्याला जिन्यात बसावं लागतं. छापील टिपण नाही. सर फळ्यावर लिहितात आणि पुसतात, मोबाइलवर फोटो काढलेला त्यांना आवडत नाही. मला हे पटत नाही. ज्या मुलांचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं आहे, त्यांना कागद हातात हवाच. उच्चारांकडेही लक्ष कमी. ‘एरिथ्रोपोएटिन’ तोंडात बसायला चार वेळा म्हणवून घ्यायला हवं, नाहीतर मुलगी वॉर्डात गप्प राहते. आणि इतिहासात शिरले की सरांना घड्याळ दिसत नाही. इटलीने १८९० मध्ये आपल्या वसाहतीला एरिट्रिया हे नाव तांबड्या समुद्रावरून दिलं, इथपर्यंत ठीक. तिथून ते ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींवर गेले, त्यातलं कल्याण, सोपारा, पैठण, तेर एकेक करून सांगत बसले. मी तल्लीन होऊन ऐकलं, कारण ग्रीक माणसाच्या लेखी आपला समुद्रही त्या ‘एरिथ्रियन’ समुद्रातच येत होता हे मला नवं होतं. पण परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा अर्धा तास गेला, आणि एरिथ्रोडर्मा, म्हणजे जवळजवळ सगळं अंग लाल होण्याचा गंभीर आजार, शेवटच्या पाच मिनिटांत उरकला. ते उलटं व्हायला हवं होतं.

कुणी यावं? नर्सिंग, फार्मसी, लॅबची मुलं, विशेषतः मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेली. मेडिकलवाल्यांनी तर यावंच. घरात डायलिसिसचा किंवा जुनाट आजाराचा पेशंट असणाऱ्यांनीही यावं. नुसते पाठांतराचे गुण हवे असतील त्यांना हा वर्ग संथ वाटेल. निपाणी, संकेश्वरकडून येणाऱ्यांनी सकाळची लवकरची बस धरावी, वर्ग वेळेवर सुरू होतो. वही सोबत आणा.

सरांकडे मी एक मागणी केली आहे. तोंडातल्या लाल आणि पांढऱ्या चट्ट्याची माहिती एका पानावर, मराठी आणि कन्नड दोन्हीत, मोठ्या अक्षरांत, मेडिकलच्या काउंटरवर लावता येईल अशी. त्यांनी होकार दिलाय. मराठी मजकूर मी लिहितेय, कन्नड गोकाकची एक मुलगी करतेय, आणि एक दंतवैद्य तपासून देणार आहेत. ज्या मेडिकलवाल्यांना हे पान हवं असेल त्यांनी वर्गाला येऊन न्यावं, त्याचे पैसे नाहीत.